पिकअपला एचआयडी लाईट बसवायचीय? उजेड वाढेल, पण रस्ता दिसेल का?

टोमॅटो घेऊन रात्री माळशेज घाट उतरणारी गाडी असो, नाहीतर नाशिकहून कसाऱ्यामार्गे वाशी मार्केटला निघालेली भाजीची गाडी, पिकअपचा निम्मा धंदा अंधारातच चालतो. पहाटे बाजार उघडायच्या आत माल पोहोचवायचा असतो. म्हणूनच पिकअप चालवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते, "गाडीला उजेडच पडत नाही."

ॲक्सेसरीजच्या दुकानात यावर एक तयार उत्तर असतं, एचआयडी किट. जुना बल्ब काढायचा, त्या जागी झेनॉनचा बल्ब घालायचा, दोन डबे बॉनेटखाली बांधायचे, की तासाभरात गाडी लख्ख पांढरा उजेड फेकू लागते. पहिल्या रात्री मालक खूश असतो. मग समोरचे ड्रायव्हर सारखे डिपर मारू लागतात, घाटातल्या धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते आणि पासिंगच्या वेळी आरटीओत प्रश्न विचारले जातात.

उजेड जास्त असूनही हे का होतं? कारण रस्त्यावर पडणारा झोत एकटा बल्ब तयार करत नाही. बल्ब, त्यामागचा रिफ्लेक्टर, पुढची काच आणि हेडलाईटचं सेटिंग हे सगळं मिळून झोत तयार होतो. त्यातली एकच वस्तू बदलली, तर बाकीचं गणित बिघडतं.

एचआयडी म्हणजे नेमकं काय?

साध्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापून पांढरी होते आणि उजेड देते. आपल्याकडच्या अनेक पिकअप आणि जीपमध्ये 'एच४' नावाचा बल्ब असतो. त्याच्या एकाच काचेत दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. प्रमाणित एच४ बल्ब अप्परवर ६० वॅट आणि डिपरवर ५५ वॅट घेतो. १३.२ व्होल्ट मिळाले, तर तो अप्परला साधारण १,६५० आणि डिपरला साधारण १,००० ल्युमेन उजेड देतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप.

एचआयडीमध्ये तारच नसते. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेले असतात. दोन टोकांमध्ये विजेचा अखंड चाप पेटतो आणि तोच उजेड देतो. वेल्डिंगच्या वेळी दिसणारा चाप बाटलीत कोंडला आहे, अशी कल्पना करता येईल. हा चाप पेटवायला २० हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो. एकदा पेटला की तो ३५ वॅटवर चालतो. हे काम बॅलास्ट नावाचा डबा करतो. ट्यूबलाईटला जसा चोक, तसा एचआयडीला बॅलास्ट.

वीज कमी आणि उजेड जास्त, हा या तंत्राचा खरा फायदा आहे. कंपनीतून येणाऱ्या झेनॉन हेडलाईटमधला प्रमाणित 'डी२एस' बल्ब ३५ वॅटमध्ये सुमारे ३,२०० ल्युमेन देतो, म्हणजे हॅलोजन डिपरच्या तिपटीहून जास्त. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये अशी हेडलाईट पहिल्यांदा बाजारात आली आणि पुढची वीसेक वर्षं झेनॉन ही महागड्या गाडीची खूण मानली गेली. आता नव्या गाड्यांत तिची जागा एलईडीने घेतली आहे.

त्या गाड्यांमध्ये एक गोष्ट मात्र पहिल्यापासून पाळली गेली. झेनॉनचा बल्ब आला, तो त्याच्यासाठीच बनवलेल्या हेडलाईटसह आला. युरोपच्या नियमांनुसार डिपरचा दिवा २,००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेड देत असेल, तर गाडीला दोन गोष्टी लागतात. गाडीत वजन वाढलं की झोत आपोआप खाली घेणारी यंत्रणा आणि हेडलाईटची काच धुणारा फवारा. काचेवरची धूळसुद्धा एवढा उजेड इकडेतिकडे उधळते, म्हणून हा फवारा. दुकानातल्या किटमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात.

बल्ब नवा, हेडलाईट जुनी: बिघाड इथे होतो

एच४ बल्ब हातात घेऊन नीट पाहिला, तर डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी दिसते. हेडलाईटमधला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. डिपर चालू असताना तारेचा खाली जाणारा उजेड ही वाटी अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो. तिथून परतलेला उजेड खाली, रस्त्याकडे जातो. भिंतीवर डिपर मारल्यावर खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये जी रेघ दिसते ती या वाटीमुळे. या रेघेला 'कटऑफ' म्हणतात. समोरच्या ड्रायव्हरचे डोळे याच रेघेच्या वरच्या अंधारात सुरक्षित असतात.

आता त्याच जागी एचआयडीची कुपी घातली, तर तीन गोष्टी बदलतात.

पहिली, वाटी. बऱ्याच स्वस्त किटमध्ये ती नसते. असली, तरी मूळ वाटीच्या मापात आणि जागेवर नसते. मग रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावरही उजेड पडतो आणि तो वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दुसरी, उजेडाचा आकार. हॅलोजनची तार म्हणजे एक सरळ, जवळजवळ सारख्या उजेडाची दांडी. झेनॉनचा चाप साधारण चार मिलिमीटर लांब, किंचित वर वाकलेला आणि दोन्ही टोकांना जास्त तेजस्वी असतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा तारेच्या ठरलेल्या जागेवरून मापलेला असतो. तिथे मिलिमीटरभराचा फरक पडला, तरी रस्त्यावर झोत कुठल्या कुठे सरकतो.

तिसरी, अप्पर-डिपर. एचआयडीत दोन तारा नसल्याने बहुतेक किटमध्ये छोटं चुंबक कुपी पुढेमागे सरकवतं. खडबडीत रस्त्यांवर ही सरकणारी यंत्रणा सैल झाली, की डिपर आणि अप्पर यांतला फरक पुसट होतो. शिवाय थंड झेनॉनला पूर्ण उजेड द्यायला काही सेकंद लागतात आणि वारंवार पेटवलं-विझवलं तर त्याचं आयुष्य घटतं. आपल्याकडे ओव्हरटेक करताना, घाटाच्या वळणावर, बाजू मागताना ड्रायव्हर डिपर मारूनच एकमेकांशी बोलतात. या वापरासाठी ते तंत्र बनलेलंच नाही.

अमेरिकेतही हाच अनुभव आहे. तिथली रस्तेसुरक्षा संस्था एनएचटीएसए हिने स्पष्ट सांगितलं आहे, की हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये बसवलेलं एचआयडी किट तिथल्या हेडलाईटच्या मानकात, म्हणजे नियम क्रमांक १०८ मध्ये, बसू शकत नाही.

पिकअपची खास अडचण: मागे माल, पुढे नाक वर

कारपेक्षा पिकअपमध्ये ही चूक जास्त महागात पडते, कारण पिकअपचा तोल रोज बदलतो. रिकामी गाडी सरळ उभी असते. हौद्यात टनभर माल चढला, की मागचे पाटे दबतात आणि गाडीचं नाक वर जातं. हेडलाईटचा झोतही नाकाबरोबर वर जातो.

हिशेब सोपा आहे. समजा हेडलाईट जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे आणि डिपर १ टक्का खाली लावलेला आहे. म्हणजे दर १० मीटरला झोताची रेघ १० सेंटिमीटर खाली उतरते आणि ९० मीटरवर जमिनीला टेकते. आता पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग मालामुळे ६ सेंटिमीटर दबला, तर गाडी २ टक्के वर झुकते. १ टक्का खाली असलेला झोत आता १ टक्का वर जातो. ५० मीटर पुढे त्याची रेघ १४० सेंटिमीटर उंचीवर पोहोचते. समोरून येणाऱ्या कारच्या ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात. दुचाकीस्वाराचेही फार वर नसतात.

फक्त ६ सेंटिमीटर पाटे दबल्याने चांगला लावलेला डिपरही अप्परसारखा वागू लागतो. यात हॅलोजनचे हजार ल्युमेन असतील तर समोरचा वैतागतो. तिप्पट उजेड असेल तर काही क्षण त्याला काहीच दिसत नाही. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने कमी होतं. डोळे दिपलेला ड्रायव्हर नेमका आपल्याच दिशेने येत असतो, हे पांढऱ्या लाईटच्या मालकाने लक्षात घ्यायला हवं.

जास्त उजेड म्हणजे जास्त लांबचं दिसणं नव्हे

एचआयडी लावल्यावर गाडीपुढचे पहिले १५-२० मीटर दिवसासारखे उजळतात आणि आपल्याला जास्त दिसतंय असा भास होतो. प्रत्यक्षात जवळच्या झगझगीत उजेडाने डोळ्याची बाहुली आकसते. मग दूरच्या अंधारात उभी असलेली वस्तू आधीपेक्षा उशिरा दिसू शकते.

दुसरं असं, की उजेड अंतराबरोबर झपाट्याने पातळ होतो. अंतर दुप्पट झालं, की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. त्यामुळे दिव्याचा उजेड दुप्पट केला, तरी दिसण्याचं अंतर फार तर ४० टक्क्यांच्या आसपास वाढतं. तेही सगळा उजेड योग्य जागी पडला तरच.

रात्रीचा खरा प्रश्न थांबण्याचा आहे. नीट लावलेल्या हॅलोजन डिपरमध्ये गडद कपड्यांतला माणूस पन्नासेक मीटरच्या आसपास दिसतो. ड्रायव्हरला भानावर येऊन ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला आणि भरलेल्या पिकअपचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर बरे लागले, तरी ताशी ६० किलोमीटरला गाडी थांबायला साधारण ५३ मीटर लागतात. ताशी ८० ला साधारण ८२ मीटर. म्हणजे डिपरवर साठच्या वर गेलं, की जे दिसेल त्याच्या आधी गाडी थांबेलच याची खात्री राहत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या हंगामात हे रोज रात्री अनुभवाला येतं. ऊस भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. अशी ट्रॉली समोर आली तर वाचवतं ते दोनच गोष्टींनी, आवरलेला वेग आणि दूरवर नीट पोहोचणारा झोत. जवळ पसरलेला पांढरा उजेड तिथे उपयोगी पडत नाही.

६,००० की ८,००० केल्विन? रंगाचा मोह

किटच्या खोक्यावर ४,३००, ६,०००, ८,००० असे आकडे असतात. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, असा अनेकांचा समज असतो. हा आकडा उजेडाचा नसून रंगाचा आहे. हॅलोजनचा रंग साधारण ३,२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर असतो. कंपनीतून येणारे झेनॉन बल्ब ४,३०० च्या आसपास असतात. त्यापुढे रंग निळसर होत जातो आणि त्याच वॅटमध्ये मिळणारा उपयोगी उजेड उलट घटत जातो. निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो, हेही अभ्यासांतून दिसलं आहे.

पावसात आणि धुक्यात अडचण वाढते. आंबोली किंवा माळशेजच्या धुक्यात पाण्याचे बारीक थेंब उजेड ड्रायव्हरकडेच परत फेकतात. कटऑफ नसलेला झोत वरच्या धुक्यावर पडतो आणि समोर पांढरा पडदा तयार होतो. धुक्यात उपयोगी पडतो तो खाली, रस्त्यालगत पसरणारा झोत. म्हणूनच फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेला असतो.

शंभर वॅटचा बल्ब हाही मार्ग नाही

एचआयडी परवडत नाही म्हणून काही जण ९०/१०० वॅटचे हॅलोजन बल्ब टाकतात. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टला एकूण १० अँपिअर घेतात, १०० वॅटचे दोन जवळपास १७ अँपिअर. वायरमधली उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच वायरमध्ये ती पावणेतीन पटींच्या घरात जाते. वितळलेला होल्डर, जळालेला कॉम्बिनेशन स्विच, आतून करपलेला रिफ्लेक्टर हे याचेच परिणाम. जुनी वायरिंग असलेल्या गाडीत आग लागण्याचाही धोका असतो.

एचआयडी चालू झाल्यावर कमी वीज घेतं, पण पेटण्याच्या क्षणी त्याचा बॅलास्ट काही वेळ बराच जास्त प्रवाह ओढतो. जुन्या स्विचवर आणि बारीक वायरवर तोही ताणच. बॅलास्टच्या बाहेर जाणाऱ्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असल्याने लाईट चालू असताना तिला हात लावणं जिवावर बेतू शकतं. डी१ आणि डी२ प्रकारच्या कुप्यांत थोडा पाराही असतो, त्यामुळे फुटलेला बल्ब सरळ कचऱ्यात टाकणं योग्य नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ हेडलाईटच्या झोताबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही, अशा रीतीने झोत खाली वळवलेला असावा, असा त्याचा आशय आहे. भार घेतलेली, एचआयडी लावलेली पिकअप ही अट सहज मोडते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशा प्रकारे गाडीत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

खासगी कारपेक्षा पिकअपवाल्याला याची झळ लवकर लागते. पिवळ्या पाटीच्या गाडीला ठरावीक काळाने पासिंग करावं लागतं आणि त्यात हेडलाईटही तपासली जाते. पासिंगपुरता जुना बल्ब घालायचा आणि बाहेर येऊन पुन्हा किट लावायचं, हा प्रकार काही जण करतात. पण रात्री अपघात झाला, तर गाडीची जी अवस्था असेल तीच पंचनाम्यात येते.

मग उजेड वाढवायचा कसा?

"उजेड पडत नाही" ही तक्रार अनेकदा खरीच असते. पण बहुतेक वेळा कंपनीने दिलेला उजेडच रस्त्यापर्यंत पोहोचत नसतो. तो आधी मिळवता येतो, आणि तोही किटपेक्षा कमी खर्चात.

१. व्होल्टेज मोजा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबाबत फार नाजूक असतो. १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले, तर फरक फक्त ९ टक्क्यांचा, पण उजेड साधारण २८ टक्क्यांनी घटतो. ११ व्होल्टवर तो जवळपास निम्मा होतो. इंजिन आणि लाईट चालू ठेवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजून घ्यावं. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल, तर चोर वायरिंगमध्ये आहे. गंजलेलं अर्थिंग, सैल होल्डर, झिजलेला स्विच हे नेहमीचे संशयित.

२. गरज पडली तर रिले. काही जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. रिले लावला, की बॅटरीतून फ्यूजमार्गे जाड वायरने वीज थेट बल्बला मिळते आणि स्विच फक्त रिलेला इशारा देतो. बल्बला १२ ऐवजी १३.२ व्होल्ट मिळू लागले, तर तोच ६०/५५ वॅटचा बल्ब साधारण ३८ टक्के जास्त उजेड देतो. मूळ होल्डरमध्ये बसणारी तयार वायरिंग घ्यावी, मूळ वायर कापू नये आणि फ्यूज बॅटरीजवळच असावा.

३. काच आणि रिफ्लेक्टर तपासा. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी आणि धुरकट होते. पॉलिश करून ती बरीच सुधारते, पण वरचा संरक्षक थर निघून जात असल्याने नवा थर द्यावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल, तर त्याला फडक्याने पुसू नये. कंपनीची पूर्ण हेडलाईट बदलणं हाच उपाय.

४. बल्ब जोडीने बदला. हॅलोजन बल्ब जळण्याआधीच हळूहळू मंद होतो. एक गेला की दुसराही बदलावा. मान्यताप्राप्त ६०/५५ वॅटचाच बल्ब घ्यावा, काचेला बोट लावू नये आणि बल्बचे तिन्ही कान खाचेत नीट बसल्याची खात्री करावी. तिरका बसलेला बल्ब झोत बिघडवतो.

५. भिंतीसमोर सेटिंग करा. हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारं. टायरमध्ये योग्य हवा भरून, ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवून, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. लाईट खाली-वर करण्याचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवावं. हेडलाईटच्या मध्याची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खूण करावी. डिपरची रेघ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. हेडलाईटच्या मागचे स्क्रू फिरवून ती बसवता येते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून झोताची उजवी बाजू सपाट आणि डावी बाजू वर चढलेली दिसली पाहिजे. डावीकडच्या साइडपट्टीवरचा माणूस त्याच चढलेल्या भागात दिसतो.

६. भार घालून पुन्हा तपासा. नेहमीचा माल भरून गाडी त्याच जागी उभी करावी. डॅशबोर्डवर ०-१-२-३ असं बटण असेल, तर कोणत्या आकड्यावर रेघ पुन्हा मूळ जागी येते ते पाहून ठेवावं. एकदा कळलं, की प्रत्येक भाड्याच्या वेळी तो आकडा फिरवायला दोन सेकंद पुरतात. बटण नसेल आणि गाडी बहुतेक वेळा भरलेलीच धावत असेल, तर भरलेल्या अवस्थेतच सेटिंग करावं.

प्रोजेक्टर आणि एलईडी लावले तर?

एचआयडी नीट चालवायचं, तर त्यासाठी बनवलेला प्रोजेक्टर लागतो. त्यात पुढे जाड भिंग असतं आणि कटऑफसाठी आत पत्र्याचा पडदा असतो, त्यामुळे झोत नेटका राहतो. पण जुनी हेडलाईट उघडून त्यात प्रोजेक्टर बसवणं हेही मूळ रचनेत केलेला बदलच आहे. तो थोडा तिरका बसला किंवा काचेत ओल गेली, तर फायदा संपला. आणखी एक धोका सहसा कोणी सांगत नाही. चीन आणि अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथल्या बाजारासाठीच्या प्रोजेक्टरचा झोत उजवीकडे वर चढतो. आपल्या रस्त्यावर उजवीकडे समोरून येणारी गाडी असते.

एलईडी बल्बलाही तोच नियम लागू होतो. एच४च्या जागी बसणारा एलईडी म्हणजे दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप. त्या गोल तारेची नक्कल कितपत करतात, हे प्रत्येक हेडलाईटमध्ये वेगळं ठरतं. जर्मनीत २०२० मध्ये ओस्रामच्या एका एच७ एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायला मान्यता मिळाली, पण ती तपासलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. एका गाडीत चालणारा बल्ब दुसऱ्या गाडीत चालेलच, असं तिथल्या यंत्रणेनेही मानलेलं नाही.

आपली हेडलाईट कशासाठी बनली आहे, हे अनेकदा तिच्या काचेवरच कोरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत 'एचसीआर' ही अक्षरं हॅलोजनचा डिपर आणि अप्पर दाखवतात, 'डीसीआर' ही झेनॉनचा. एचसीआर लिहिलेल्या हेडलाईटमध्ये झेनॉनची कुपी घालणं, म्हणजे डिझेलच्या टाकीत पेट्रोल ओतण्यासारखं. शेजारी बाण असेल तर तोही पाहावा. समोर उभं राहून पाहताना फक्त उजवीकडे दाखवणारा बाण डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीची हेडलाईट दाखवतो, म्हणजे आपल्याकडची.

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीने प्रोजेक्टर किंवा एलईडी दिली असेल, तर ती पूर्ण हेडलाईट आपल्या गाडीला चालते का, हे आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओला विचारून घ्यावं. टपावरची एलईडी पट्टी हा पर्याय सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीच. तिला कटऑफ नसतो आणि ती डोळ्यांच्याही वर बसते.

थोडक्यात, पैसे कुठे घालायचे?

क्रम असा ठेवता येतो. आधी भिंतीसमोर सेटिंग, मग व्होल्टेजची तपासणी, मग काच, मग नवी प्रमाणित बल्बची जोडी, आणि वायरिंग कमजोर निघाली तर रिले. एवढं करून उरलेल्या पैशांतून गाडीच्या मागे आणि बाजूंना चांगली रिफ्लेक्टर टेप लावावी, म्हणजे मागून येणाऱ्यालाही आपली गाडी वेळेत दिसेल. हे सगळं करूनही अंधार वाटत असेल, तर डिपरवर चालताना वेग ६० च्या आत ठेवणं हा उपाय उरतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि तो पासिंगलाही अडत नाही.